ग्लायडरचे पंख किती लांब असावेत?



शाळेंत मास्तरकी करीत असतांना दर वर्षीं क्रीडामहोत्सवाच्या आधल्या आठवड्यांत मुलांची उंची मोजण्याचें काम माझ्याकडे येत असे. वर्गाच्या भिंतीवर खडूनें दोन रेघा ओढलेल्या असत. खालच्या रेघेच्या आंत डोकें राहिलें तर मुलगा लहान गटांत, तिच्या वर गेलें तर मधल्या गटांत, असा हिशेब. हेतु अगदीं सरळ होता: किरकोळ अंगाच्या मुलाला लांब ढांगांच्या मुलाशीं धांवण्याची पाळी येऊं नये. परंतु दर वर्षीं दोन-चार मुलें अशीं निघत कीं, तीं भिंतीला पाठ लावून उभीं राहतांना विजारीच्या आड गुडघे हलकेच वांकवीत आणि खालच्या रेघेच्या आंत मावत. मी त्यांचे गुडघे हातांतल्या पट्टीनें सरळ करीत असें. मापाची रेघ आली म्हणजे तिच्या आंत मावण्याची विद्याहि तिच्या मागोमाग येते, हें मी पुस्तकांत नव्हे, त्या भिंतीपाशीं शिकलों.

आज बोलावयाचें आहे तें मात्र बिनइंजिनाच्या विमानांविषयीं, म्हणजे ग्लायडरांविषयीं, आणि त्यांच्या शर्यतींत पंखांच्या लांबीवरून जे गट पाडतात त्यांविषयीं. याचें निमित्त माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुरविलें. हा मुलगा (मुलगा कसला, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ!) नोकरीसाठीं जर्मनींत राहतो आणि सुटीच्या दिवशीं तेथील एका क्लबांत ग्लायडर उडवितो. त्याचें पत्र आलें कीं, क्लबांतील तिघे मिळून एक वापरलेलें ग्लायडर घेत आहेत. दोन यंत्रें पाहून ठेवलीं आहेत. एक चाळीस वर्षांचें जुनें, पंधरा मीटर पंखांचें. दुसरें त्याहून नवें, पोलंडांत झालेलें, साडेतेरा मीटरांना थोडें कमी. किंमत जवळजवळ सारखीच. “सर, दीड मीटरानें एवढें काय बिघडतें? आणि शर्यतींत उतरावयाचें झालें तर कोणतें बरें? तुम्हींच आम्हांला हडपसरला नेऊन ग्लायडर दाखविलेंत, तेव्हां उत्तराची जबाबदारीहि तुमचीच.”

हडपसरचें त्याचें म्हणणें खरें आहे. पुण्याशेजारीं तेथें सरकारी ग्लायडिंग केंद्र होतें आणि सहलीच्या निमित्तानें मी मुलांना तिकडे नेत असें. विंचच्या तारेला बांधलेलें तें लांब पंखांचें यंत्र पतंगासारखें तोंड वर करून चढे, तार सुटे, आणि मग कांहींएक आवाज न करतां तें आकाशांत राही. मुलें विचारीत, “सर, हें खालीं कां पडत नाहीं?” खरें पाहतां तें सतत खालीं पडतच असतें, परंतु फार सावकाश, आणि उन्हानें तापलेल्या जमिनीवरून वर चढणारा हवेचा झोत सांपडला म्हणजे, खालीं पडण्याहून वर नेणारा वेग अधिक होऊन, तें घारीसारखें घिरट्या घालीत उंच जातें. शर्यत याच खेळाची असते. दोनशें, तीनशें, कधीं पांचशें किलोमीटरांचा फेरा आंखून दिलेला असतो. ठरलेल्या वळणांवरून जाऊन जो सर्वांत कमी वेळांत परत येईल तो जिंकला. एका झोतांत घिरट्या घालून उंची कमवावयाची आणि ती उंची वेगानें खर्चीत पुढचा झोत गांठावयाचा, असा हा जमाखर्च चालतो.

या जमाखर्चांत पंखांच्या लांबीला एवढें महत्त्व कां, हें समजण्यास चहाचा एक पेला पुरे. चमचा उभा धरून चहांतून हलकेच पुढें ओढा. त्याच्या दोन्ही कडांच्या मागें दोन इवलेसे भोंवरे फिरतांना दिसतील. ते भोंवरे फुकट फिरत नाहींत; त्यांना फिरविण्याची मेहनत तुमच्या हाताला पडते. पंखाचेंहि कांहींसें असेंच आहे. पंखाखालीं हवेचा दाब अधिक, वर कमी. म्हणून खालची हवा पंखाच्या टोंकाला वळसा घालून वर जाऊं पाहते आणि दोन्ही टोंकांमागें हवेचे दोन मोठे भोंवरे लागतात. त्यांना लागणारी शक्ति ग्लायडरानें आणावयाची कोठून? इंजिन तर नाहीं. ती त्याच्या उंचींतून वजा होते. पंख लांब केला म्हणजे तेंच वजन अधिक रुंद हवेवर पसरतें आणि भोंवरे दुबळे होतात. हिशेब असा आहे कीं, वजन आणि वेग तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर भोंवऱ्यांपायीं होणारा विरोध चौथाईवर येतो. माझ्या विद्यार्थ्याच्या दीड मीटराचें उत्तर याच त्रैराशिकांत आहे. पंधराऐवजीं साडेतेरा मीटर घेतले तर हा विरोध सुमारें तेवीस टक्के वाढतो. उलट पंधराचे अठरा केले तर तो सुमारें तीस टक्के घटतो. सावकाश घिरट्या घालतांना हा विरोध फार जाचतो. वेग वाढला म्हणजे तो मागें पडतो आणि पंखाच्या पृष्ठभागावरील घर्षण पुढें येतें.

सपाट जमीन आणि स्तब्ध हवा धरून पुण्यावर एक किलोमीटर उंचीवरून ग्लायडर सोडलें अशी कल्पना करूं. त्या पोलिश यंत्राचा पल्ला सुमारें बत्तीस किलोमीटर. लोहमार्गाचें अंतर धरलें तर तें तळेगांवाच्या जरा अलीकडे टेंकेल. पंधरा मीटरांचें कांचतंतूंचें यंत्र चाळीसच्या जवळपास, म्हणजे तळेगांव मागें टाकील. जर्मनींत ‘एटा’ नांवाचें ३०.९ मीटर पंखांचें एक अजस्र ग्लायडर बांधलें गेलें; त्याचा पल्ला सत्तरच्या आसपास सांगतात. तें लोणावळेंहि ओलांडील.

मग सर्वांनींच तीस मीटर पंख कां लावूं नयेत? पहिलें कारण वजनाचें. पंख लांबला म्हणजे त्याच्या मुळाशीं पडणारा ताण वाढतो, तो सोसण्यास तो अधिक जाड व भक्कम करावा लागतो, आणि जें भोंवऱ्यांत वांचविलें त्यांतलें बरेंचसें वजनांत परत द्यावें लागतें. शिवाय लांब पंखांचें यंत्र वळतांना आळशी असतें, लहानशा शेतांत उतरवितांना धोक्याचें असतें, आणि उतरल्यावर तें सुटें करून गाडीवर चढविण्यास चार माणसें लागतात. पण सर्वांत मोठें कारण पैशाचें आहे, आणि स्पर्धांचा इतिहास त्याभोंवतींच फिरतो.

पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनांचे हात इंजिनाच्या विमानांच्या बाबतींत बांधले गेले होते. १९२० सालीं वासरकुप्पे नांवाच्या डोंगरावर त्यांनीं बिनइंजिनाच्या विमानांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९२२ सालीं हानोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ‘व्हँपायर’ नांवाच्या ग्लायडरानें तेथें प्रथम तासाहून अधिक काळ उड्डाण केलें. त्याचे पंख अवघे १२.६ मीटर होते. त्यानंतर पंख वाढवण्याची जी चढाओढ लागली ती दहा वर्षांत तीस मीटरांवर गेली. एवढ्या पंखांचें ‘ऑस्ट्रिया’ नांवाचें यंत्र रॉबर्ट क्रोनफेल्ड हा नामांकित वैमानिक उडवीत असे. १९३२ सालीं तें ढगांत मोडलें आणि क्रोनफेल्ड हवाई छत्रीनें कसाबसा खालीं आला. लांब पंख म्हणजे केवळ खर्च नव्हे, हें त्या दिवशीं सर्वांच्या ध्यानांत आलें असावें.

लांबीला रेघ घालण्याची कल्पना ऑलिंपिकच्या निमित्तानें पुढें आली. १९४० च्या ऑलिंपिक सामन्यांत ग्लायडिंगचा समावेश व्हावयाचा होता आणि सर्व देशांच्या वैमानिकांनीं एकाच नमुन्याच्या यंत्रावर उडावें असें ठरलें होतें. पंख पंधरा मीटर, बांधणी साधी, लांकडाची. १९३९ सालीं इटलींत सेत्से येथें नमुन्यांची परीक्षा होऊन हान्स याकोब्स यांनीं रचलेलें ‘माइझं’ निवडलें गेलें. नंतर महायुद्ध पेटलें आणि तो सामना झालाच नाहीं. पण पंधरा मीटरांचा आंकडा मात्र टिकला.

१९५८ सालीं पोलंडांत लेश्नो येथें जागतिक स्पर्धा झाल्या. त्यांत ज्याला वाटेल तेवढे पंख लावण्याची मुभा असलेल्या खुल्या वर्गाशेजारीं प्रथमच ‘स्टँडर्ड’ वर्ग ठेवण्यांत आला. पंखविस्तार पंधरा मीटरांहून अधिक नको. पंखाच्या मागच्या कडेला वेगाप्रमाणें खालींवर होणाऱ्या झडपा, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या नकोत. चाक पोटांत ओढून घेण्याची सोय नको. क्लबाच्या छपरांत दुरुस्त होईल आणि साध्या माणसाच्या ऐपतींत बसेल असें यंत्र, हा त्या नियमाचा आत्मा होता. पहिला विजेता पोलंडचा अॅडम विटेक. त्याच वेळीं उत्तम स्टँडर्ड यंत्र म्हणून रुडॉल्फ कायझर यांच्या लांकडी ‘का-६’ ला पारितोषिक मिळालें, आणि त्यावर बसून जर्मनीच्या हाइन्त्स हूट यांनीं १९६० व १९६३ असे लागोपाठ दोन वेळां स्टँडर्ड वर्ग जिंकला. आपल्याकडेहि नागरी विमान-खात्याच्या तंत्रकेंद्रांत तयार झालेलें ‘कार्तिक’ नांवाचें ग्लायडर १९६३ सालीं उडालें. त्याचेहि पंख पंधराच मीटर होते.

या काळांतली एक गोष्ट मला फार आवडते. १९६५ सालीं इंग्लंडांत साउथ सर्नी येथें पोलंडचा यान व्रुब्लेव्स्की खुल्या वर्गांत उतरला तो पंधरा मीटरांचें ‘फोका’ घेऊन, आणि त्यानें लांब पंखांच्या सगळ्या यंत्रांना मागें टाकून अजिंक्यपद मिळविलें. लहान गटाच्या मुलानें मोठ्या गटाची शर्यत मारावी, तसाच हा प्रकार. तेव्हां वाटलें असेल कीं, आतां पैशाची मातबरी संपली.

पण गुडघे वांकवणारे होतेच. लांकडाच्या जागीं कांचतंतु आले. पंख आरशासारखा गुळगुळीत झाला, पल्ला वाढला आणि किंमतहि वाढली. पोटांत ओढून घेण्याच्या चाकाला परवानगी मिळाली. पुढें पंखांच्या पोटांत पाणी भरण्याची सोय आली. याचें आश्चर्य वाटेल, परंतु जड ग्लायडर हलक्याइतकाच पल्ला गांठतें, फक्त अधिक वेगानें. म्हणून झोत जोरदार असतील त्या दिवशीं शंभर-दीडशें लिटर पाणी घेऊन उडावयाचें आणि उतरण्यापूर्वीं तें सोडून द्यावयाचें. लांबीच्या रेघेनें वजनाला कोठें बांधलें होतें? झडपांचा तर मोठाच वाद झाला. नियमांत मध्यंतरीं त्यांना वाट मिळाली, आणि १९७६ सालीं फिनलंडांत रायस्कॅला येथें इंगो रेनर यांनीं झडपा असलेल्या ‘पिक-२०’ वर स्टँडर्ड वर्ग जिंकला. अखेर एका वर्गाचे दोन करावे लागले: झडपा नसलेला पंधरा मीटरांचा स्टँडर्ड, आणि झडपांना मुभा असलेला नुसता ‘पंधरा मीटर’ वर्ग. १९७८ सालीं फ्रान्सांत शातोरू येथें या नव्या वर्गाची पहिली शर्यत हेल्मुट राइखमान यांनीं जिंकली. त्यांचें यंत्र ब्राउनश्वाइगच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेलें होतें. त्याच्या झडपा मागें सरकून पंखाची रुंदीच वाढवीत. घिरट्या घालतांना पंख मोठा, सरळ जातांना लहान. लांबी पंधरा ती पंधराच! मास्तर म्हणून मी त्या पोरांच्या गुडघ्यांवर पट्टी मारली असती कीं त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते, हें माझें मलाच सांगतां येत नाहीं.

त्याच जातीची आणखी एक युक्ति तुम्हीं प्रवासी विमानांवरहि पाहिली असेल: पंखाचें टोंक वर वळविलेलें असतें. ग्लायडरचा पंखविस्तार मोजतात तो आडवा, सरळ अंतरानें. भर दुपारीं सूर्य डोक्यावर असतांना पंखाची जमिनीवर पडणारी सांवली मोजावी, तसें तें माप. टोंक वर उभें केलें तर त्याची सांवली जवळजवळ पडतच नाहीं. परंतु टोंकाला वळसा घालणाऱ्या हवेला तें अडवितें आणि पंख थोडा लांब केल्याचा बराचसा लाभ देतें. मोजपट्टी म्हणते पंधरा, हवा म्हणते थोडे अधिक.

इतर वर्गांविषयीं थोडक्यांत सांगतों. पंधरा आणि खुला यांच्यामध्यें अठरा मीटरांचा वर्ग आला. दोन माणसांच्या यंत्रांसाठीं वीस मीटरांचा आला. वजनालाहि नंतर रेघा घालाव्या लागल्या: स्टँडर्ड वर्गास ५२५ किलो, अठरा मीटरांस ६००, खुल्या वर्गास ८५०. आणि जुन्या यंत्रांसाठीं ‘क्लब’ वर्ग निघाला, ज्यांत प्रत्येक यंत्राच्या गुणाप्रमाणें आंकडा ठरवून त्या प्रमाणांत गुण कमीअधिक करतात.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या पोलिश यंत्राकडे येतों, कारण त्याच्या पोटांत एका चांगल्या विचाराची शोकांतिका दडलेली आहे. १९८९ सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें पुन्हां ऑलिंपिकच्याच कल्पनेकडे वळून एका नव्या यंत्राची रचना-स्पर्धा जाहीर केली. विचार असा कीं, लांबीची रेघ घालून भागत नाहीं. रेघेच्या आंत श्रीमंत माणूस दर वर्षीं नवें यंत्र आणतो. तेव्हां यंत्रच एक ठरवूं या. लहान, स्वस्त, सुरक्षित. जगभर सर्वांचें सारखें. मग जिंकेल तो माणूस जिंकेल, त्याची थैली नव्हे. नमुन्यांची प्रत्यक्ष परीक्षा १९९२ सालीं जर्मनींत एर्लिंगहाउझेन येथें झाली आणि वॉर्सा तंत्रविद्यापीठांतील मंडळींच्या ‘पीडब्ल्यू-५’ ची निवड झाली. पंखविस्तार १३.४४ मीटर; रिकामें वजन दोनशें किलोंच्या आंत; झडपा नाहींत, चाक कायमचें बाहेर. १९९७ सालीं तुर्कस्तानांत या ‘वर्ल्ड’ वर्गाची पहिली जागतिक शर्यत झाली.

कागदावर याहून न्याय्य योजना मला सुचत नाहीं. परंतु ती बहरली नाहीं. त्याचें मुख्य कारण, माझ्या समजुतीप्रमाणें, बाजारांत होतें. तोंवर वीस वर्षांचीं जुनीं स्टँडर्ड यंत्रें ढिगानें विक्रीला आलीं होतीं. जेवढ्या पैशांत नवें पीडब्ल्यू-५ मिळे तेवढ्यांतच चाळीसच्या पल्ल्याचें जुनें यंत्र पदरांत पडे. शर्यत वर्षांतून एखादे वेळीं. बाकीचे सगळे रविवार माणसाला आपल्या मित्रांबरोबर उडावयाचें असतें, आणि त्यांच्या मागें मागें राहून आधीं शेतांत उतरणें कोणास आवडेल? न्यायासाठीं आपण होऊन आंखुड पंख पत्करणारे थोडेच निघाले. अखेर हा वर्ग मागें पडला आणि त्याच्या जागीं पुन्हां साधी मोजपट्टी आली. साडेतेरा मीटरांच्या आंत पंख असेल तें कोणतेंहि यंत्र चालेल, झडपा असोत वा नसोत. या वर्गाची पहिली जागतिक शर्यत २०१५ सालीं लिथुएनियांत पोत्सियूनाय येथें झाली.

या लहानग्या वर्गांत एक नवीच गोष्ट घडली आहे. यंत्र हलकें म्हणून त्याला वर नेण्यास शक्ति थोडी लागते, आणि ती विजेच्या घटांतून मिळूं शकते. कांहीं यंत्रांत मोटार नाकाशींच बसविलेली असते. ती बंद केली कीं पंख्याचीं पातीं नाकाला चिकटून मिटतात. स्लोव्हेनियांत तयार झालेली ही मोटार लिथुएनियाच्या साडेतेरा मीटरांच्या ‘मिनिलॅक’ वर बसविली गेली. विंच नको, ओढून नेणारें विमान नको, आणि झोत न सांपडल्यास परक्याच्या शेतांत उतरणें नको. अर्थात् अशा नव्या यंत्राला पैसेहि तसेच पडतात. गरिबाचा म्हणून आंखलेला गट पुन्हां महाग होऊं लागला आहे.

मी विद्यार्थ्याला लिहिलें कीं, पंधरा मीटरांचें घ्यावें. तेवीस टक्क्यांचा हिशेब मांडला, तळेगांव-लोणावळ्याचा नकाशा काढला, आणि जुनें यंत्र क्लब वर्गांत आपल्या बरोबरीच्यांशीं लढेल हेंहि कळविलें. महिन्यानें उत्तर आलें. त्यांनीं पीडब्ल्यू-५ घेतलें होतें. तिघांपैकीं एक बाई आहेत, त्यांना नुकताच परवाना मिळाला आहे. जुन्या यंत्राचा पंख गाडीवरून उचलून जोडतांना त्यांची आणि त्याची, दोघांचीहि दमछाक झाली. लहान यंत्र मात्र त्या दोघांनींच पंधरा मिनिटांत जोडलें. शिवाय तें सावकाश उतरतें, म्हणून लहान शेतहि पुरतें. “सर, तुमचा हिशेब बरोबर होता,” त्यानें लिहिलें होतें, “पण आम्ही तिघेच आहों, आणि रविवारीं सकाळीं मदतीला माणसें मिळत नाहींत.” पुढील उन्हाळ्यांत ते साडेतेराच्या एका स्थानिक शर्यतींत उतरणार आहेत. झडपांच्या नव्या यंत्रांपुढें आपला क्रमांक शेवटून पहिला-दुसरा लागेल, हेंहि त्यानें आधींच कळवून ठेवलें आहे.